सव्वा वाघ

"बाई, शेरास सव्वाशेर म्हणजे वाघाला सव्वा वाघ का?"

पाचवी ब. दुपारची शाळा, बाहेर पाऊस, वर्गात अठ्ठावन्न मुलं आणि फळ्यावर म्हणींची यादी. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने हातबित वर न करता सरळ विचारलं आणि वर्ग हसत सुटला. हसू मलाही आलं होतं. पण तासाची सात मिनिटं उरली होती आणि म्हणी अकरा. "जास्त शहाणपणा नको," मी म्हटलं. "शेर म्हणजे जुनं माप. अर्थ लिहून घे, एकापेक्षा एक वरचढ. परीक्षेत एवढंच विचारतात." तो बसला, त्याने लिहून घेतलं. घटक चाचणीत त्या म्हणीला त्याला दोनपैकी दोन गुण पडले. हे नक्की आठवतं, कारण पेपर मीच तपासला होता.

ही 2009 च्या आसपासची गोष्ट. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. शाळा वाईट होती असं कुणी समजू नये. तिथल्या मुलांचं शुद्धलेखन असं होतं, की आजही मी ते कुणालाही अभिमानाने दाखवेन. पण आमचं सगळं चालायचं ते 'अपेक्षित'वर. अपेक्षित प्रश्नसंच नावाची पुस्तकंच निघतात आपल्याकडे, आणि त्या नावात काही विचित्र आहे असं मला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही. सव्वा वाघ अपेक्षित नव्हता, म्हणून खाली बसवला.

पुढे 2020 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, की बोर्ड कुठलंही असो, पहिली ते दहावी मराठी शिकवायलाच हवी. त्यानंतर ज्या शाळांना मराठीच्या बाईंची गरज पडली त्यांत पुण्याच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत बसलेली एक आयबी शाळा होती. मी अर्ज केला तो पगार बघून, हे कबूल करते. मुलाखतीत पाठ घेऊन दाखवा म्हणतील म्हणून मी तक्ते, फ्लॅशकार्डं, एक कविता चालीसकट, अशी सगळी तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या या पाठावर मुलं काय विचारतील असं तुम्हाला वाटतं?"

मी गप्प. मी मुलांना काय विचारणार याची यादी पर्समध्ये होती. मुलं मला काय विचारतील, याची तयारी करायची असते हेच ठाऊक नव्हतं. तरी घेतलं त्यांनी मला. बहुतेक उमेदवार कमी असावेत.

आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. नाव घेताना जीभ अडखळते म्हणून सगळे आयबीच म्हणतात. त्याचा उगम मला फार घरगुती वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघ आला, तिथे देशोदेशीची माणसं नोकरीला आली, त्यांच्या मुलांसाठी 1924 मध्ये एक शाळा निघाली. आई-बाप आज इथे, उद्या दुसऱ्या देशात. मुलाने परीक्षा द्यायची तरी कुठल्या देशाची? ती अडचण सुटायला 1968 उजाडलं. तेव्हा जिनिव्हात आयबीची स्थापना झाली आणि अकरावी-बारावीच्या वयासाठीचा डिप्लोमा सुरू झाला, अनेक देशांतल्या विद्यापीठांना चालेल असा. थोडक्यात, बदलीच्या नोकरीवाल्यांच्या मुलांची सोय. माझे वडील एसटीत होते, चौथीपर्यंत माझ्या तीन शाळा झाल्या, त्यामुळे मला हे लगेच कळलं.

भारतात हा डिप्लोमा तसा जुना आहे. कोडाइकनालच्या शाळेत तो 1976 पासून आहे, आणि आपल्या पौडजवळच्या डोंगरावर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज 1997 मध्ये सुरू झालं. त्याच 1997 मध्ये आयबीने लहान मुलांसाठीचा, म्हणजे तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचा कार्यक्रम आणला. तो पीवायपी, म्हणजे प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम. मी त्यात आहे.

पीवायपीत ठरलेलं पाठ्यपुस्तक नाही. पहिल्या आठवड्यात मला याने घाम फुटला. पुस्तक नाही तर उद्या 'कुठून कुठपर्यंत' घ्यायचं? त्याऐवजी सहा मोठे विषय आहेत, वर्षभर त्यांच्याभोवती फिरायचं. आपण कोण आहोत. स्थळात आणि काळात आपण कुठे आहोत. आपण स्वतःला कसं व्यक्त करतो. जग कसं चालतं. आपण आपली व्यवस्था कशी लावतो. आणि ही पृथ्वी सगळ्यांत वाटून घेताना काय होतं. एकेक युनिट पाच-सहा आठवड्यांचं. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांनी त्या एकाच मांडवाखाली यायचं. आणि कुठलाही विषय उघडायला सात किल्ल्या. शाळेत त्यांना इंग्रजीत की कन्सेप्ट्स म्हणतात, मी माझ्या वहीत मराठीत उतरवून ठेवल्या आहेत: हे कसं आहे? कसं चालतं? असंच का आहे? कसं बदलत गेलं? कशाकशाशी जोडलेलं आहे? कोणाच्या नजरेतून? आणि यात आपलं काम काय?

ही वही मी मंडईत घेऊन गेले होते.

चौथीचं युनिट होतं व्यवस्थेचं. माल शेतातून आपल्या ताटात येईपर्यंत किती हातांतून जातो, हा गाभा. होमरूम टीचर, म्हणजे वर्गशिक्षिका, म्हणाली, मराठीची बाई बरोबर हवी, भाजीवाल्यांशी बोलायला. म्हणजे मी दुभाषी म्हणून गेले. जुलैचा शेवट, बसच्या काचांवर पाऊस, आणि चोवीस मुलं महात्मा फुले मंडईच्या दारात उभी. 1886 सालची ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत बघून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "इथे एसी का नाही?" सुरुवात काही आशादायक नव्हती.

मग एका मुलीने मेथीची जुडी उचलली. दोन वेण्या, कपाळावर पावसाचे थेंब, हातात पेन्सिल. "टोमॅटो किलोवर आहेत. बटाटे किलोवर आहेत. मग ही किलोवर का नाही?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की उत्तर मला येत नाही. पंचेचाळीस वर्षं मेथी विकत घेतेय.

भाजीवाल्या आजी गालात तंबाखू सरकवून म्हणाल्या, "किलोवर दिली तर पाणी कसं मारू हिच्यावर? पाणी नाही मारलं तर दुपारच्याला मान टाकती. अन् मारलं तर तू पाण्याचे पैसे देशील. जुडीला ती भानगडच नाही."

"मग जुडी केवढी असायला पाहिजे ते कोण ठरवतं?"

"जी बांधती तिची मूठ."

मुलांनी सहा जुड्या घेतल्या, शाळेत आणून काट्यावर ठेवल्या. सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड यांत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. त्यातून सरासरी, आलेख वगैरे गणित वर्गशिक्षिकेने करून घेतलं, ते इथे सांगत बसत नाही. एका मुलाने निष्कर्ष काढला, की भाजी घेताना बांधणारीचे हात बघून घ्यावी. माझ्या वाट्याला मात्र घबाड आलं. मंडईतून येताना बसमध्येच मुलं शब्द जमवायला लागली. मेथीची जुडी, पण कोबीचा गड्डा. केळ्यांची फणी, आणि झाडावर असताना घड. विड्याच्या पानांची कवळी. उसाची मोळी. नारळ शेकड्यावर, आंबे पेटीवर. कोल्हापूरची आजी असलेला एक जण म्हणाला, आजी जुडी नाही, पेंडी म्हणते. गोव्याची आई असलेली म्हणाली, मासळीचा वाटा. वर्गात एक भिंत असते, तिला वंडर वॉल म्हणतात, मुलांनी पडलेले प्रश्न चिठ्ठीवर लिहून तिथे डकवायचे. त्या आठवड्यात भिंतीवर मराठी चिठ्ठ्या इंग्रजी चिठ्ठ्यांपेक्षा जास्त झाल्या. तिथे आल्यापासून पहिल्यांदाच.

त्या वर्गात एक कोरियन मुलगा होता. चाकणकडच्या कंपनीत वडील, दोन वर्षांसाठी पुण्यात. माझ्या तासाला तो बसायचा म्हणजे नुसता बसायचा, खिडकीतून डोंगर बघत. त्याला मराठीचं काय, हा प्रश्न मलाही होता. भिंतीपुढे उभा राहून तो 'जुडी' शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "दान." मग 'गड्डा'वर, "पोगी." मला वाटलं खेळतोय. तो इंग्रजीत सांगायला लागला: कोरियनमध्ये पालकाची जुडी म्हणजे 'दान', कोबीचा गड्डा 'पोगी', पुस्तकं मोजायला वेगळा शब्द, प्राणी मोजायला वेगळा. इंग्रजीत तसं नसतं म्हणून त्याला ती भाषा सपाट वाटते, असं काहीतरी तो म्हणाला. त्या दिवसापासून तो मराठी बोलू लागला असं मी म्हणणार नाही, नाही लागला. पण चिठ्ठ्यांच्या भिंतीवर त्याने तिसरा रकाना आखला, कोरियन लिपीत, आणि खिडकी सोडून तिथे उभा राहू लागला.

आता मला धीर आला होता. पुढच्या तासाला मी फळ्यावर एकच ओळ लिहिली: शेरास सव्वाशेर. आणि खडू खाली ठेवला.

"शेर म्हणजे वाघ ना?" पहिलाच प्रश्न. मुलं तीच असतात हो, शाळा बदलली तरी. "मग सव्वाशेर म्हणजे... वाघ अधिक पाव वाघ?"

वर्ग हसला, तेव्हासारखाच. मी एक चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'सव्वा वाघ?' लिहिलं आणि भिंतीवर लावली. हात जरा थरथरला. मुलांना त्याचं कारण कळण्याचं कारण नव्हतं.

शेर प्रत्यक्ष आला तो आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींच्या पिशवीतून. त्या धो धो पावसाच्या मुळशी तालुक्यातल्या, शाळेच्या बसने येतात. फरशी पुसताना त्यांनी भिंतीवरचा शब्द वाचला होता. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पत्र्याचं एक माप त्यांनी माझ्या हातात दिलं. "सासूबाईंचा शेर. घरी तांदूळ यानंच काढतो अजून. पण जपून बरं का."

वर्गशिक्षिकेने त्यांनाच आत बोलावलं. मावशी आधी दारातच लाजल्या, मग पदर खोचून त्यांनी जे शिकवलं ते कुठल्या प्लॅनरमध्ये नव्हतं. माप भरायचे दोन प्रकार. हात फिरवून काठाबरोबर सपाट करायचं, किंवा वर डोंगर होऊ द्यायचा, घरंगळायला लागेपर्यंत. "याला शीग म्हणतात. दुसऱ्याला देताना शीग लावून द्यावं."

शीग. पंधरा वर्षं मी 'शिगेला पोहोचणे – वाक्यात उपयोग करा' असं विचारत आले. मुलांनी 'क्रिकेटच्या सामन्यात उत्साह शिगेला पोहोचला' लिहायचं आणि मी बरोबरची खूण करायची. तांदळाची शीग समोर घरंगळताना मी पहिल्यांदा पाहिली.

मग मुलांनी सपाट शेरभर तांदूळ काट्यावर घातले. नऊशे ग्रॅमच्या थोडे खाली. आता शेरभर चुरमुरे. आधी अंदाज सांगायचा असा नियम. एक मुलगा, वर्गातला सगळ्यात खात्रीने बोलणारा, म्हणाला, "तेवढेच येणार. शेर म्हणजे शेर." बऱ्याच जणांनी मान डोलावली. चुरमुरे घातले. शंभर ग्रॅमही भरेनात.

त्याने चुरमुरे काढले, परत घातले. काटा शून्यावर आणला. काटा बिघडलाय म्हणून तांदूळ परत मोजले, तेवढेच भरले. चुरमुरे परत. मला इतकं साधं सांगायचं होतं, की बाळा, शेर हे आकारमानाचं माप आहे. एका वाक्याचं काम. मी श्वास घेतला, तेवढ्यात टेबलापलीकडून वर्गशिक्षिकेने ओठांवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघून. मी तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, राग आला मला. चार मिनिटं कोणी मोठ्या माणसाने बोलायचं नाही म्हणजे किती वेळ असतो, ते शिक्षकांनाच विचारा.

मेथीवाली दोन वेण्यांची मुलगी शेराच्या आत हात घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "आपण चुरमुरे नाही मोजले. आपण जागा मोजली."

मग एकदम सगळे बोलायला लागले. चिप्सच्या पाकिटात अर्धी हवा असते पण वर ग्रॅम लिहिलेले असतात ते यासाठीच. मापाने चुरमुरे घेतले तर हवेचे पैसे. मापाने तांदूळ घेतले आणि दुकानदाराने शेर आपटून भरला तर? आपटून भरून पाहिला. मावशींनी सांगितलं, शेर आपटायचा की नाही यावरून गावात भांडणं झालीत.

एका मुलीचे आजोबा आले पुढच्या आठवड्यात. त्यांनी दोन शेर असतात हे सांगितलं: मापी शेर, तो गावागणिक वेगळा, आणि वजनी शेर, ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅम. 1956 च्या कायद्याने किलो आला आणि शेर-मण गेले. 1 एप्रिल 1957 ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तेव्हा ते शाळेत होते. मुलांनी विचारलं, सव्वा म्हणजे किती? आजोबा डोळे मिटून म्हणायला लागले: सव्वा एके सव्वा, सव्वा दुणे अडीच, सव्वा त्रिक पावणेचार, सव्वा चोक पाच. सवायकी. एका दमात वीसपर्यंत. मुलं कॅल्क्युलेटर घेऊन मागे लागली आणि हरली. पाठांतराला नावं ठेवायची आमच्याकडे जी हल्ली पद्धत पडलीय, तिला त्या दिवशी जरा चाप बसला, आणि मला मनातून बरं वाटलं.

वजनी शेर 933, तर सव्वाशेर साधारण 1166 ग्रॅम. "म्हणजे फक्त 233 ग्रॅमनेच वरचढ?" खात्रीने बोलणाऱ्या मुलाचा अपेक्षाभंग झाला होता. "एवढ्यासाठी म्हण केली?"

कोरियन मुलाने घरी विचारलं असणार, कारण पालकांच्या भेटीला त्याची आई आली ती मोबाइलवर एक फोटो घेऊन. चौकोनी लाकडी खोका, तांदूळ मोजायचा. त्याला म्हणतात 'द्वे'. दहा द्वे म्हणजे एक 'माल'. आणि त्यांच्याकडे म्हण आहे: द्वेने द्यावं आणि मालाने परत घ्यावं. एखाद्याची छोटी खोडी काढली आणि त्याने दसपट फेड केली, की म्हणतात. मुलांनी लगेच हिशेब मांडला. आपल्याकडे सव्वापट, कोरियात दसपट. "आपण जास्त शांत आहोत," एकाने निर्णय दिला. "किंवा कंजूष," दुसरी म्हणाली. या चर्चेला कुठला गुण देणार, सांगा. मी वहीत फक्त उतरवून ठेवलं.

लोक विचारतात, विशेषतः जुन्या शाळेतल्या मैत्रिणी, की या सगळ्यातून मुलांना मिळतं काय? मला दिसलेलं सांगते. तो 'शेर म्हणजे शेर' वाला मुलगा. चार महिन्यांनी दुसऱ्या युनिटमध्ये, पाण्याच्या टँकरवरून वाद चालला होता, सोसायटीला रोज किती टँकर लागतात वगैरे. सगळे आकडे फेकत होते. तो म्हणाला, "थांबा, आधी मोजू या. माझा अंदाज मागे चुकला होता." नऊ वर्षांचा मुलगा, चारचौघांत, मान खाली न घालता हे म्हणाला. आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही, स्वतःच्या तोंडूनही नाही.

दुसरं म्हणजे मुलं माणसांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. मावशी त्यांच्या लेखी आता फक्त फरशी पुसणाऱ्या मावशी नाहीत, शीग शिकवलेल्या मावशी आहेत. भाजीवाल्या आजींना त्यांनी आभाराचं पत्र मराठीत लिहिलं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या सोळा चुका होत्या.

हो, त्या चुकांबद्दलही बोलायला हवं. आमच्या मुलांचं मराठी लेखन कच्चं आहे. पाढे तेरापुढे गडगडतात. पालक सभेत एखादे बाबा हटकून उठतात, "एवढी फी भरतो, आणि याला पावणेसात म्हणजे किती ते कळत नाही." ते चुकीचं बोलत नाहीत. मुलांना नुसतं मोकळं सोडून शिकणं होत नाही, नवशिक्याला नीट समजावून सांगावं लागतं, असा मुद्दा किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा अभ्यासकांनी 2006 मध्ये मांडला आणि त्यावरून अजून वाद चालू आहे. मी माझ्यापुरतं बघितलंय, की चांगली वर्गशिक्षिका मोकळं सोडल्यासारखं दाखवते, पण काटा, तांदूळ, चुरमुरे तिनेच टेबलावर मांडलेले असतात. ज्या वर्गात हे मांडणं नसतं तिथे शोधाच्या नावाखाली गुगलवरून चित्रं काढून पुठ्ठ्यावर चिकटवणं चालतं. पाचवीच्या शेवटी मुलांचं एक्झिबिशन असतं, स्वतः निवडलेल्या प्रश्नावर कित्येक आठवडे काम करायचं. त्यातले काही तक्ते आदल्या रात्री आयांनी रंगवलेले असतात, हे अक्षरावरून ओळखायला मला भिंग लागत नाही.

शब्दांचा सोसही फार. मुलाने कसं व्हावं याची दहा विशेषणं ठरलेली आहेत, ती जिन्यावर, डब्यावर, सगळीकडे. त्यांतलं एक 'रिस्क टेकर'. मागे एकाने जिन्याच्या सहाव्या पायरीवरून उडी मारली, गुडघा फोडून घेतला आणि मला हेच कारण सांगितलं.

पण माझ्या मनात जे खरं सलतं ते फीचं. या शाळांची फी वर्षाला काही लाखांत असते. सव्वा वाघ विचारणाऱ्या माझ्या त्या मुलाचे वडील हमाल होते. सरकारनेही हात घालून पाहिला: 2018 मध्ये राज्याने स्वतःचं आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, जिल्हा परिषदेच्या शाळा त्यात घेतल्या, पुढच्या सरकारने ते गुंडाळलं. आणि गंमत अशी, की ही पद्धत आपल्याला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. तिथे दगड, पानं, बिया हेच साहित्य. दहाएक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटातल्या, जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून जात होत्या. जमिनीवर आखलेल्या चौकटी, बाटल्यांची झाकणं, खडे, आणि पोरं आपापली शिकतायत. आम्हीही गेलो होतो, जुन्या शाळेतून. परत येताना बसमध्ये ठरलं, की आपल्याकडे अठ्ठावन्नच्या वर्गात हे जमणार नाही. कोणी करून पाहिलं नाही, मीही नाही. जिनिव्हाहून हीच गोष्ट आली तेव्हा मात्र मी वही घेऊन बसले.

युनिट संपलं तसा मी शेर पुसून मावशींना परत दिला. त्या म्हणाल्या, "नातवाच्या शाळेत दाखवायला नेऊ का? तिसरीत आहे, झेडपीच्या. तो घरी रोज विचारतोय, तुझ्या शाळेतल्या पोरांनी काय मोजलं." मी म्हटलं, तुमचाच आहे, मला काय विचारता.

दोन आठवडे झाले, शेराचा पत्ता नाही. मावशी वैतागलेल्या. "घरात तांदूळ वाटीनं काढतेय मी, बाई. गुरुजी म्हणतात ठेवा अजून चार दिवस. पोरं सोडत नाहीत. भात मोजला, वाळू मोजली, मुरूम मोजला. एकानं तर कोंबडीचं पिल्लू घालून बघितलं."

"आणि आता?"

"आता शाळेच्या पागोळीखाली ठेवलाय," त्या म्हणाल्या. "पाऊस किती शेर पडतो ते बघायचंय म्हणे त्यांना. मुळशीत!"